अठ्ठावीस मिनिटांचं भांडण

२८ मिनिटं. चर्चगेटला स्लो लोकल पकडली, तर एवढ्या वेळात जेमतेम वांद्रं येतं. निक ड्रेक नावाच्या इंग्रज गायकाचा 'पिंक मून' हा अख्खा अल्बम तेवढ्यात संपतो. ११ गाणी, एक आवाज, एक गिटार आणि एका गाण्यात चिमूटभर पियानो. बाकी काही नाही. ड्रम नाहीत, व्हायोलिनं नाहीत, मागे 'ऊऽऽ' करणाऱ्या बायका नाहीत. फेब्रुवारी १९७२ मध्ये ही रेकॉर्ड इंग्लंडात निघाली, तेव्हा फारसं कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता पन्नासहून जास्त वर्षं उलटली, आणि ऐकणारे तिच्यावरून अजून भांडतायत.

आमच्या घरी पहिला निकाल आत्याने दिला. तिसरं गाणं चालू असताना तिने निवडत असलेली मेथी खाली ठेवली आणि विचारलं, "काय रे, हा मुलगा आजारी आहे का?" त्याच क्षणी सोफ्यावर आडवा झालेला माझा मित्र डोळे न उघडता म्हणाला, "किती शांत वाटतंय ना!" जगभरच्या श्रोत्यांचे मुख्य पक्ष हे दोनच. बाकीचे पोटभेद.

एक चंद्र, एक गाडी

पहिलंच गाणं घ्या. नाव अल्बमचंच. दोन मिनिटांचं. शब्द मोजून चार-दोन. सांगणं एवढंच, की गुलाबी चंद्र निघालाय आणि तो कुणालाही सोडणार नाही. एका पक्षाला यात साक्षात यम दिसतो. पण आवाज असा, की आजी अंगाई म्हणतेय.

आता गंमत बघा. नोव्हेंबर १९९९ मध्ये फोक्सवॅगनने अमेरिकेत आपल्या उघड्या टपाच्या काब्रियो गाडीसाठी याच गाण्यावर टीव्हीची जाहिरात केली. चार तरुण पोरंपोरी रात्रीच्या चांदण्यात गाडीतून निघतात, पार्टीच्या घराशी पोचतात, आतला गोंधळ बघतात, एकमेकांकडे बघतात आणि गाडी पुन्हा रस्त्याला लावतात. कुणी एक शब्द बोलत नाही. ज्या गाण्यात अर्ध्या जगाला प्रलय ऐकू येत होता, त्यावर जर्मन गाडी विकली गेली!

त्यातही आतली गोष्ट अशी, की निक ही जाहिरातवाल्यांची पहिली पसंती नव्हतीच. त्यांच्या डोक्यात होतं ऑस्ट्रेलियातल्या 'द चर्च' या बँडचं 'अंडर द मिल्की वे'. मग गाणं बदललं, पण जाहिरातीचं नाव 'मिल्की वे'च राहिलं. दिग्दर्शन केलं होतं जोनाथन डेटन आणि व्हॅलरी फॅरिस या नवरा-बायकोने, ज्यांनी पुढे २००६ मध्ये 'लिटल मिस सनशाइन' हा सिनेमा केला.

परिणाम? १९९९ मध्ये अमेरिकेत या अल्बमच्या साधारण ६,००० प्रती खपल्या होत्या. २००० मध्ये ७४,०००. जुने चाहते भयंकर चिडले. आपल्या गल्लीतल्या चहाच्या टपरीचं नाव पेपरात छापून आलं आणि दुसऱ्या दिवसापासून आपल्यालाच बाकडं मिळेना, अशी त्यांची गत. नवे म्हणाले, बाबांनो, गाडीने का होईना, पोचलो तर खरे! माझं मत नव्यांच्या बाजूने. आणि खरं सांगायचं, तर जाहिरात चांगली होती. गप्प बसायचं कुठे, हे तिला कळलं होतं.

गुलाबी कुठे आहे?

'पिंक मून' म्हणजे एप्रिलची पौर्णिमा. उत्तर अमेरिकेत त्या सुमाराला फ्लॉक्स नावाची गुलाबी रानफुलं फुलतात, म्हणून हे नाव. चंद्र काही गुलाबी होत नाही. आपल्याकडे हल्ली पेपरात त्या रात्री 'पिंक मून'चे फोटो येतात आणि लोक गच्चीवर जाऊन पिवळा चंद्र बघून खट्टू होतात. आपल्या पंचांगात ती बहुधा चैत्री पौर्णिमा, म्हणजे हनुमान जयंती. तेव्हा एखाद्या वर्षी सुंठवडा खाऊन ही रेकॉर्ड लावायला हरकत नाही. ध्वनिमुद्रण मात्र झालं ऑक्टोबरात आणि विक्री सुरू झाली फेब्रुवारीत. एप्रिलचा संबंध श्रोत्यांनी आपापला जोडावा.

काउंटरवरची पिशवी

या अल्बमची सर्वांत लाडकी दंतकथा अशी: निक आयलंड रेकॉर्ड्सच्या ऑफिसात आला, रिसेप्शनच्या टेबलावर टेपची पिशवी ठेवली आणि एक शब्द न बोलता निघून गेला. किती तरी वेळाने कुणाला तरी कळलं की तिच्यात अख्खा नवा अल्बम आहे. ऐकायला झकास. दुसरी हकीकत अशी, की टेप त्याने कंपनीचा मालक ख्रिस ब्लॅकवेल याच्या हातात दिली. चाहत्यांना अर्थातच पहिली हवी असते. मालकाच्या हातात टेप देणाऱ्या माणसाची कसली आलीय दंतकथा?

ध्वनिमुद्रणाचा तपशील मात्र पक्का. जागा, लंडनच्या चेल्सीतला साउंड टेक्निक्स स्टुडिओ. वेळ, ऑक्टोबर १९७१ मधल्या दोन रात्री, कारण दिवसा स्टुडिओ दुसऱ्यांच्या नावावर असायचा. आत दोनच माणसं: निक आणि ध्वनिमुद्रक जॉन वूड. यावर आणखी काही चढवायचं का, असं वूडने विचारलं आणि निकने नाही म्हटलं. शीर्षकगीतात तो पियानो तेवढा नंतर बसवला, तोही निकनेच वाजवलेला.

पहिल्या खेपेला निकच्या तिन्ही अल्बमांपैकी एकाचाही खप पाच हजारांवर गेला नाही, असं सांगतात. पुढे २००३ मध्ये 'रोलिंग स्टोन' मासिकाने सार्वकालिक ५०० अल्बमांची यादी काढली. तिच्यात तिन्ही होते!

रत्नागिरीचा राजा आणि निकचे वडील

आता थोडं सावरून बसा, कारण ही गोष्ट थेट कोकणात येते.

निकचा जन्म १९ जून १९४८ चा, रंगूनमधला. ब्रह्मदेश स्वतंत्र होऊन पुरते सहा महिनेही झाले नव्हते. वडील रॉडनी ड्रेक इंजिनीअर, आणि नोकरी बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये. ही मुंबईत १८६३ साली स्थापन झालेली, ब्रह्मदेशातल्या सागवानावर मोठी झालेली कंपनी. १८८५ मध्ये ब्रह्मदेशाच्या थिबा राजाच्या दरबाराने कंपनीवर लाकडाच्या हिशेबात लबाडी केल्याचा ठपका ठेवला आणि जबर दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. तिसरं इंग्रज-ब्रह्मी युद्ध झालं, काही आठवड्यांत राज्य बुडालं आणि राजाला राणीसकट पाठवलं कुठे? रत्नागिरीला! तीस वर्षं तो तिथेच समुद्राकडे बघत राहिला आणि १९१६ मध्ये तिथेच वारला. शाळेच्या सहलीत आपण सगळे ज्या थिबा पॅलेसच्या व्हरांड्यात डबे उघडून बसलो, तो त्याचाच.

म्हणजे ज्या कंपनीच्या भांडणापायी एक राजा रत्नागिरीत येऊन पडला, त्याच कंपनीच्या पगारावर पुढे निक ड्रेकचं घर चाललं. अल्बमच्या सुरांशी याचा काडीचाही संबंध नाही, कबूल. पण 'हे इंग्लंडच्या हिरव्यागार खेड्यातलं संगीत' असं कुणी सुस्कारा टाकून म्हणालं, की मला आधी सागवानाचे ओंडके दिसतात.

आई रेडिओवर, बहीण चंद्रावर

निकची आई मॉली. १९४२ मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या, तेव्हा ती आणि तिची बहीण नॅन्सी दिल्लीला आल्या. तिथे या दोघी बहिणी ऑल इंडिया रेडिओवर गात असत. निकच्या घरातलं गाणं सर्वांत आधी हवेत गेलं, ते आपल्या आकाशवाणीवरून!

पन्नासच्या दशकात, इंग्लंडला परतल्यावर, मॉली घरी पियानोवर स्वतःची गाणी म्हणायची आणि रॉडनी ती टेपवर उतरवून ठेवायचे. ही टेप २०१३ मध्ये रेकॉर्ड होऊन लोकांपुढे आली आणि श्रोत्यांत नवा तट पडला. एक गट म्हणतो, 'पिंक मून'चं सगळं मूळ इथेच आहे, तीच अर्ध्यावर थांबलेली वाक्यं, तोच स्वतःशी बोलल्यासारखा सूर. दुसरा गट म्हणतो, मुलगा गाजला म्हणून तुम्हाला आता आईच्या गाण्यात मुलगा ऐकू येतो. मी पहिल्या गटात. आपल्याकडे घराणं म्हटलं की गुरू-शिष्य आठवतात. इथे घराणं म्हणजे खरोखरच घर.

आणि बहीण? गॅब्रिएल ड्रेक, जन्म लाहोरचा, १९४४. ती नटी झाली. १९७० मध्ये आलेल्या 'यूएफओ' या ब्रिटिश मालिकेत तिने चंद्रावरच्या तळाची प्रमुख लेफ्टनंट एलिस साकारली. डोक्यावर जांभळा टोप, अंगात चंदेरी पोशाख. भाऊ खाली चंद्राची गाणी करत होता तेव्हा बहीण वर चंद्र सांभाळत होती. त्या काळात इंग्लंडात रस्त्यात कुणाला 'ड्रेक' म्हटलं असतं, तर त्याला आधी हीच आठवली असती. 'पिंक मून'च्या मुखपृष्ठावरचं स्वप्नासारखं चित्र काढणारा मायकल ट्रेव्हिथिकसुद्धा तिच्याच ओळखीचा. चित्राचा अर्थ काय, यावर निराळी भांडणं आहेत. त्यात मी पडत नाही.

फोडणीचं वरण की साधं?

निकच्या श्रोत्यांतली खरी जुनी तेढ ही. १९६९ चा 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट' आणि १९७१ मध्ये दुकानांत आलेला 'ब्रायटर लेटर' हे आधीचे दोन अल्बम भरल्या ताटासारखे. निर्माता जो बॉइड. निकचा केंब्रिजचा मित्र रॉबर्ट कर्बी याने केलेली व्हायोलिनांची आणि बासऱ्यांची रचना. 'ब्रायटर लेटर'वर तर 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड'वाला जॉन केल येऊन व्हायोला, सेलेस्टा, ऑर्गन असं बरंच काही वाजवून गेला. तो अल्बम ज्यांना आवडतो, त्यांना 'पिंक मून' म्हणजे पाहुण्यांना बसवून नुसता भात वाढल्यासारखं वाटतं. उलट बाजू म्हणते, आंबेमोहोराच्या भाताला फोडणी लागतच नाही.

निक स्वतः कुठल्या बाजूला? 'ब्रायटर लेटर'ची सजावट त्याला जास्त वाटली होती आणि पुढचं काम साधं हवं, असं त्याने सांगून ठेवलं होतं. मग बॉइड लंडन सोडून लॉस एंजेलिसला नोकरीवर गेला आणि निकने ते करून दाखवलं. 'पिंक मून' हे 'ब्रायटर लेटर'चं सर्वांत कडक परीक्षण आहे, आणि ते खुद्द गायकाने लिहिलंय.

पण सजावटवाल्यांच्या हातात एक हुकमाचं पान आहे: पहिल्या अल्बममधलं 'रिव्हर मॅन'. हे गाणं पाच मात्रांचं. ज्यांच्या बोटांवर झपताल आहे, त्यांना त्याचा अर्धा भाग मोजायला काहीच वाटणार नाही, पण बिचारा कर्बी त्या पाचात अडकला. मग हॅरी रॉबिन्सनला बोलावलं. हा पुढे हॅमर कंपनीच्या भयपटांना संगीत देणारा माणूस! रक्तपिपासूंच्या चित्रपटांवर बसणारा हात, आणि त्याने काय हळुवार व्हायोलिनं लिहिली. हे गाणं ऐकवलं की साध्या वरणाचे कट्टर भक्तही थोडा वेळ गप्प बसतात.

बोटं कुणी पाहिली?

मोठेपणीच्या निकचं चालतं-बोलतं चित्रीकरण एकही नाही. एक सेकंदाचंही नाही. मुलाखतही अवघी एक, १९७१ ची, 'साउंड्स' साप्ताहिकातली. त्यामुळे गिटारवाल्यांची जी पंचाईत झालीय, ती विचारू नका.

नेहमीच्या गिटारच्या सहा तारा ई-ए-डी-जी-बी-ई अशा लावतात. निक त्या पिळून पिळून भलत्याच स्वरांवर नेऊन ठेवायचा. तंबोरा पंचमाऐवजी मध्यमावर लावला की सगळी हवा बदलते, तसं काहीसं. 'पिंक मून'चं शीर्षकगीत सी-जी-सी-एफ-सी-ई अशा लावणीत वाजतं, वर दुसऱ्या पट्टीवर कॅपोचा चिमटा. हे लोकांनी शोधलं ते निव्वळ कानाने. बघायला हातच नव्हते! तरी कुठल्या गाण्याला कुठली लावणी, अमुक स्वर मोकळ्या तारेचा की दाबलेला, हातात गिटार नेमकी कुठली होती, यावर दोन वादक भेटले की जेवण थंड होतं.

यातलं सर्वांत छोटं कोडं म्हणजे 'नो' (Know) हे गाणं. गिटारवर चार स्वरांचं एकच टुमणं, थोडं गुणगुणणं, आणि अख्ख्या गाण्यात चार ओळी, १८ शब्द. आळस म्हणावा की कमाल? आत्याचं मत, "शब्द सुचले नसतील." मित्राचं मत इथे छापत नाही, कारण ते गाण्यापेक्षा लांब आहे.

'फोक' म्हणजे नक्की काय रे भाऊ?

निकला सगळे 'फोक सिंगर' म्हणतात. मराठीत 'लोकगायक' म्हटलं की डोळ्यांसमोर शाहीर साबळे येतात, विठ्ठल उमप येतात. डफ, तुणतुणं, समोर हजार माणसं. निकला वीस माणसांसमोरही घाम फुटायचा. तारा जुळवण्यातच इतका वेळ जायचा की क्लबातले लोक बिअर घेऊन पुन्हा गप्पांना लागायचे. शिकला तो केंब्रिजला, इंग्रजी साहित्य, आणि पदवीआधीच बाहेर पडला. पारंपरिक लोकगीत या तीन अल्बमांत औषधालाही नाही. इंग्लंडातल्या अस्सल लोकगीतवाल्यांना म्हणूनच तो आपला वाटत नाही, जॅझवाल्यांना मात्र वाटतो. अमेरिकन पियानोवादक ब्रॅड मेल्डाऊने त्याची गाणी वाजवली आहेत. दुकानदाराचा प्रश्न मात्र सुटत नाही. रेकॉर्ड कुठल्या खणात ठेवायची?

पटापट, भेळेवरच्या शेवेसारखं

'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट', म्हणजे 'पाच पानं उरली', हे शीर्षक काव्यमय वाटतं ना? ते सिगारेट वळायच्या रिझला कागदाच्या पाकिटातल्या सूचनेवरून आलंय. पाकीट संपत आलंय, एवढाच त्याचा अर्थ.

एल्टन जॉन प्रसिद्ध होण्याआधी, १९७० मध्ये, त्याने निकची काही गाणी नमुन्यादाखल गायली होती. इतर गायकांनी ती ऐकून घ्यावीत म्हणून. कुणी फारशी घेतली नाहीत.

'माय बॉय लॉलिपॉप' गाऊन जगाला नाचवणारी जमैकाची मिली स्मॉल हिने १९७० मध्ये निकचं 'मेफेअर' गायलं. ज्याच्या मैफलीत कुणी मान डोलावत नव्हतं, त्याचं गाणं नाचऱ्या आवाजात.

मित्र जॉन मार्टिनने त्याच्यावर 'सॉलिड एअर' हे गाणं केलं, तेही निक जिवंत असताना, १९७३ मध्ये. 'द ड्रीम अकॅडमी'चं १९८५ चं गाजलेलं 'लाइफ इन अ नॉर्दर्न टाउन' निकच्याच स्मृतीला वाहिलेलं.

२००४ मध्ये बीबीसी रेडिओवर निकवरच्या माहितीपटाचं निवेदन केलं चक्क ब्रॅड पिटने. त्याच वर्षी 'मॅजिक' हे निकचं गाणं ब्रिटिश विक्रीयादीत ३२ व्या क्रमांकावर पोचलं. आयुष्यातलं पहिलं यश. आयुष्य संपून तीस वर्षं झाल्यावर.

अंधार की सकाळ?

आता आत्याच्या मूळ प्रश्नाकडे. मुलगा आजारी होता का? हो. अल्बम करताना निक नैराश्याने खचलेला होता, आणि २५ नोव्हेंबर १९७४ ला, वयाच्या २६ व्या वर्षी, औषधांच्या जास्त मात्रेमुळे तो गेला. हे एकदा कळलं की 'पिंक मून' प्रत्येकाला निरोपाची चिठ्ठी वाटू लागतो. पण तो ध्वनिमुद्रित झाला मृत्यूच्या तीन वर्षं आधी. शेवटचा अंक आधी बघून मग नाटकाला बसलेल्या प्रेक्षकासारखे आपण पहिल्या अंकातच रुमाल काढतो. आजारी माणूस इतकी स्वच्छ गिटार वाजवू शकतो का, असंही काही जण विचारतात. मला तो प्रश्न उगाच वाटतो. ताप अंगात असतानाही घरातली बाई गोल पोळी लाटतेच की.

निकचे आईवडील टॅनवर्थ-इन-आर्डन गावात राहायचे. तो गेल्यावर दुरून दुरून चाहते दार ठोठावायचे. म्हातारा-म्हातारी त्यांना आत घेत, निकची खोली दाखवत, त्याच्या घरगुती टेपच्या प्रतीही देत. त्या प्रती मग चोरट्या रेकॉर्डी होऊन जगभर फिरल्या. सगळे श्रोते रडवेले होऊन येत नसत. काही जण नुसत्या तारांच्या लावण्या विचारायला येत.

गावच्या चर्चच्या आवारात निकची कबर आहे. दगडाच्या मागच्या बाजूला त्याच्याच गाण्याची ओळ कोरलीय. 'पिंक मून'मधल्या शेवटच्या गाण्याची, 'फ्रॉम द मॉर्निंग'ची. काळोख-पक्षाच्या लोकांची इथे थोडी अडचण होते, कारण हे गाणं नावापासूनच सकाळचं आहे, आणि चाल अशी, की चप्पल घालून फिरायला निघावं.

आत्यानेही ते शेवटपर्यंत ऐकलं. मेथीची जुडी संपली होती. "हे बरं आहे," ती म्हणाली. "हेच आधी लावायचं ना मग."